साठ पत्त्यांची आयुधपूजा

"साधारण किती वाजले हो, अण्णा?" असं कुणी विचारलं की अण्णा मनगट डोळ्यांजवळ नेऊन सेकंदांसकट वेळ सांगत आणि वर ऐकवत, "साधारणच पाहिजे तर सूर्याकडे बघ की. घड्याळाला कशाला त्रास?"

अण्णा म्हणजे माझे घरमालक. शिवाजीनगर म्हटलं की माझ्या पुण्याच्या मित्रांना त्यांचं शिवाजीनगर आठवतं, पण हे बेंगळुरातलं. तिथल्या बसस्टँडामागच्या गल्लीत अण्णांचं घर होतं आणि गच्चीवरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पुण्याची पोरं कंप्युटरच्या नोकऱ्यांसाठी झुंडीनं बेंगळूर गाठत होती, त्यातलाच मीही एक शहाणा.

खोली बघायला गेलो तेव्हा अण्णांनी नाव, गाव, पगार काही विचारलं नाही. "उंची किती?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, पाच फूट आठ इंच. त्यांनी खिशातून टेप काढला, मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि मोजलं. "पाच फूट पावणेआठ इंच. पाव इंच पुण्यालाच विसरून आलास. पण दारावर डोकं आपटणार नाही. सरी, चालेल. ये राहायला." झाला आमचा करार.

ते बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. नुकतेच निवृत्त झाले होते, पण बोटं निवृत्त झाली नव्हती. त्यांचं आयुष्य जिग बनवण्यात गेलं. जिग म्हणजे साचा. त्यात वस्तू बसवली की हजार वस्तूंना भोक एकाच जागी, एकाच मापाचं पडतं. अण्णांना मोकळ्या हातानं काहीच करवत नसे. लिंबाच्या समान फोडी करायला त्यांनी जिग बनवला होता. पोस्टकार्डावर तिकीट चिकटवायला जिग होता. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, "मला कुंकू लावायलाही बनवणार होते. मी म्हटलं, माझं कपाळ म्हणजे तुमचा कारखाना नव्हे."

एकदा अण्णांनी पानातल्या डोश्याची जाडी व्हर्नियरनं मोजली. मध्ये इतकी, कडेला इतकी, असा अहवालही दिला. अक्कांनी शांतपणे तो व्हर्नियर घेतला आणि सांबाराच्या पातेल्यात बुडवला. त्या दिवसापासून मापाच्या हत्यारांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत बंदी झाली.

आणखी एक गंमत. अण्णा यंत्रांना अहो-जाहो करत. मिक्सर बिघडला की त्याच्यापाशी बसून म्हणायचे, "काय होतंय तुम्हाला? स्वल्प विश्रांती घ्या." त्यांच्या जुन्या स्कूटरला ते 'बाईसाहेब' म्हणत आणि किक मारण्याआधी परवानगी मागत. मला मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. एकदा मी रागानं विचारलंच, मिक्सरला 'तुम्ही' आणि मला 'तू'? त्यावर उत्तर तयार होतं. "ते राबतात. तू काय राबतोस? दिवसभर खुर्चीत बसतोस नि टिकटिक करतोस!"

त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर कर्नाटकात आलेलं. "आम्ही फौजेबरोबर आलो, परत जायचा हुकूमच आला नाही," हे ते असं सांगत, की वाटावं हुकुमाची वाट ते स्वतः बघतायत. माझ्या मराठीला ते नावं ठेवत आणि मी त्यांच्या. "तुमची मराठी रोज धुतलेली," ते म्हणत. "आमची पेटीत घालून आणलेली. डांबरगोळीचा वास येणारच की."

आता माझ्या गाढवपणाकडे येतो, कारण त्याशिवाय अण्णा पुरते कळायचे नाहीत.

आमच्या टीममधला एकजण दोन वर्षं अमेरिकेत काढून परत आला. दर वाक्य तो 'मी ऑनसाइट असताना' असं सुरू करी, म्हणून आम्ही त्याचं नावच ऑनसाइट ठेवलं. त्यानं येताना चॉकलेटं आणली, अत्तराच्या बाटल्या आणल्या आणि एक रोग आणला. रोग म्हणजे पत्त्यांचा खेळ. हे पत्ते बदाम-चौकटचे नव्हेत. एकेका पत्त्यावर एकेक राक्षस, मंत्र, किल्ला, दलदल. प्रत्येकानं आपापला साठ पत्त्यांचा डेक जमवायचा आणि समोरच्याशी लढायचं. पत्ते मिळायचे सीलबंद पाकिटात, एका पाकिटात पंधरा. आत काय निघेल ते देवालाच ठाऊक. बहुतेक वेळा चौदा बेडूक आणि एखादा कामाचा. एका पाकिटाच्या पैशांत मेसमध्ये चार दिवस दोन्ही वेळचं जेवण होत असे. मी कितीतरी वेळा जेवण सोडून बेडूक विकत घेतले.

बरं, एवढं करून डेक जमला म्हणावं, तर काही महिन्यांनी कंपनी नवे पत्ते काढी आणि जुन्यांतले बरेचसे स्पर्धेत चालेनासे होत. अण्णांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे स्क्रू पण तेच विकणार नि दर दिवाळीला आटे पण तेच बदलणार? अय्यो, असला धंदा आम्हाला सुचला नाही."

या खेळात एक पत्ता होता. पांढरी दाढी, निळा झगा, हातात दिवा घेतलेला एक म्हातारा राजा. तो ज्याच्या हातात, त्याच्या समोरच्याची एक खेळी फुकट गेलीच म्हणून समजा. तो छापणं कंपनीनं कधीच बंद केलं होतं, पण स्पर्धेत चालायचा. त्यामुळे किंमत आभाळाला भिडलेली. तो नसेल तर स्पर्धेला बसायचं ते नुसतं हरायला. सगळ्या बेंगळुरात असे मोजकेच राजे होते आणि त्यातला एक ऑनसाइटकडे होता. तो विकायला तयार होता. किंमत एका सेकंडहँड स्कूटरएवढी.

आणि माझ्याकडे नेमके एका सेकंडहँड स्कूटरचे पैसे होते!

ते बाबांनी पाठवले होते. बाबा पुण्यात एका शाळेत क्लार्क. तीस वर्षं सायकलवर गेलेला माणूस. वर्षातून दोनदा हसणार, एकदा गणपतीत आणि एकदा कधीतरी. त्यांनी पोस्टातली पुंजी मोडून पैसे धाडले आणि आंतर्देशीय पत्रात लिहिलं, 'माझी हयात सायकलवर गेली, तुझी बसच्या दांड्याला लोंबकळण्यात जाऊ नये. दिवाळीला येतो. तुझ्या मागे बसून बेंगळूर बघेन.' एवढीच तीन वाक्यं. बाबांनी लिहिलेलं ते सगळ्यात लांब पत्र.

असले पैसे घेऊन मी म्हाताऱ्या राजाचं चित्र विकत घेतलं. आज सांगतानाही कान गरम होतात. पण तेव्हा माझा हिशोब पक्का होता. ऑनसाइटनं शब्द दिला होता की दिवाळीच्या आत पत्ता परत दिलास, कोऱ्याचा कोरा, तर सगळे पैसे परत. दसऱ्यानंतरच्या रविवारी स्पर्धा. ती एक स्पर्धा राजाला घेऊन खेळायची, सोमवारी राजा परत, मंगळवारी स्कूटर. बाबा येईपर्यंत सगळं जिथल्या तिथं. हे मी फक्त अक्कांना सांगितलं. सांगितलं म्हणजे त्यांनी कॉफीच्या दोन पेल्यांत काढून घेतलं. ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "पोरा, तुला बुद्धी देताना देवाचा जिग हलला होता बघ."

अण्णांना मी स्कूटरचं काही बोललो नव्हतो, फक्त पत्त्याची किंमत सांगितली. ते दचकलेच.

"एका पत्त्याला? बाजारात अख्खा कॅट मिळतो की! मग ह्यातले बाकीचे एक्कावन्न कुठं आहेत?"

"अण्णा, हा एकच इतक्याचा आहे."

त्यांनी राजाला उलटसुलट करून बघितलं, मायक्रोमीटर लावायला निघाले, तेवढ्यात मी हिसकावून घेतला. राजा प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात, बाकीचे एकोणसाठही तसेच, आणि सगळा डेक बिस्किटाच्या डब्यात. अण्णांना ते प्लास्टिक मुळीच आवडत नसे. "वस्तू हाताला लागू द्यावी. इतकी जपलेली वस्तू कामाची राहत नाही, पाव्हणी होऊन बसते."

मग आली खंडेनवमी. बेंगळुरात तिला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी या गावात कुंकू न लागलेलं लोखंड शोधून सापडायचं नाही. बसला केळीचे खुंट, रिक्षांना झेंडूच्या माळा, रस्त्यात जागोजाग फोडलेले कोहळे. अण्णांचा तर हा खरा सण. पहाटेच आंघोळ करून ते तबक घेऊन घरभर हिंडत. करवत, कानस, हातोडा, बाईसाहेब, मिक्सर, अक्कांची विळी, सगळ्यांना नमस्कार करून कुंकू लावायचे. मी ऑफिसला पळत होतो. जिन्यात अण्णांनी अडवलं.

"एनप्पा पुणेकर, तुझं आयुध कुठं? पूजेला ठेव."

मला उशीर झालेला आणि जिभेला हाड नाही. म्हटलं, "माझं आयुध? ते बिस्किटाच्या डब्यात आहे! त्यानंच लढणार आहे रविवारी."

आणि निघून गेलो. जीभ चावायलाही थांबलो नाही.

ऑफिसात प्रत्येक मॉनिटरला गंध, फुलं, मध्ये सर्व्हरपुढे कोहळा. दुपारी चुरमुऱ्यांची पुडी आणि बर्फी घेऊन घरी आलो. गच्चीवर चढलो तर माझ्या दारासमोर चटई, चटईवर दहा-दहाच्या सहा रांगांत माझे साठ पत्ते उपडे घातलेले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर बरोबर मधोमध कुंकवाचा लालभडक ठिपका. बाजूला प्लास्टिकच्या पाकिटांचा ढीग. अण्णा सोवळ्यात बसून शेवटच्या पत्त्यावर फूल ठेवत होते.

"अण्णा! हे काय केलंत?"

"तूच बोललास ना, आयुध डब्यात आहे? आयतु. झाली पूजा."

"पण प्लास्टिकमधून कशाला काढलेत?"

"मग प्लास्टिकला लावू? मुंजीत मुलाला ओवाळतात की त्याच्या रेनकोटाला?"

मी राजाला शोधायला लागलो. एकेक उलटतोय, बेडूक, दलदल, राक्षस, पुन्हा बेडूक. पुढची बाजू सगळ्यांची स्वच्छ. म्हटलं, चला, निदान चित्रं वाचली. अण्णांनी खुलासा केला. "पुढं सगळे राक्षसच. राक्षसाला मी कुंकू लावणार नाही बा. म्हणून मागं लावलं." आणि मग राजा सापडला. त्याच्या पाठीवर ठिपका होताच. पण पुढूनही, ऐन कपाळावर, बोटानं लावलेलं ओलं कुंकू आणि त्यात रुतलेले दोन तांदळाचे दाणे. "हा तेवढा सज्जन दिसला," अण्णा म्हणाले. "वयस्कर, हातात दिवा. त्याला पुढूनही लावलं. कपाळाला जिग चालत नाही, तिथं बोटच लागतं."

मी नखानं तांदळाचे दाणे काढून टाकले, कुंकू मात्र तसंच राहिलं. ओरडावंसं वाटत होतं, पण वर बघितलं तर अण्णांचा चेहरा इतका प्रसन्न! साठ पत्त्यांची पूजा करायला त्यांना तीन तास लागले होते. पत्र्याचा खास जिग कापला होता. त्यात पत्ता सरकवायचा आणि मधल्या भोकातून पेन्सिलीच्या रबरानं कुंकू टेकवायचं. आता या माणसाला काय बोलणार, कपाळ! मी म्हटलं, "छान झालं, अण्णा."

"छान नाही," अण्णा म्हणाले, "बरोबर झालं. प्रत्येक ठिपका सहा मिलिमीटर."

रविवारी स्पर्धेला अण्णा स्वतः मला बाईसाहेबांवरून घेऊन गेले. आपण पूजलेलं आयुध कसं चालतं ते बघायचं होतं त्यांना. एका बेकरीच्या माडीवर हॉल, वीसेक खेळाडू, आणि पंच म्हणून एक चष्मेवाले गृहस्थ, ज्यांनी नियमांचं पुस्तक छापून, भोकं पाडून, फाइलला लावून आणलं होतं. त्यांनी माझा डेक हातात घेतला आणि त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"मार्क्ड कार्ड्स. खेळता येणार नाही."

नियम बरोबरच होता. पत्त्याच्या पाठीवर खूण असेल तर पाठूनच ओळखता येतो, ती फसवणूक. मी मान खाली घालून डेक उचलायला लागलो. तेवढ्यात अण्णा पुढे आले. "स्वल्प इरी," त्यांनी पंचांना कानडीत थांबवलं आणि पिशवीतून पत्र्याचा जिग, व्हर्नियर आणि भिंग काढून टेबलावर मांडलं. सगळा हॉल भोवती जमा झाला. अण्णांनी पंचांना विचारलं, खूण म्हणजे काय? एक पत्ता दुसऱ्यापासून वेगळा दिसला तर ती खूण. सगळे एकसारखे दिसले तर ती छपाई. बरोबर?

पंच म्हणाले, बरोबर, पण हातानं लावलेले साठ ठिपके एकसारखे असतीलच कसे?

"हातानं कोण लावलं?" अण्णा दुखावून म्हणाले.

मग पंचांनी परीक्षा घेतली. डेक पिसला, साठ पत्ते उपडे मांडले आणि मला म्हणाले, यातला राजा काढून दाखव. मी भिंग घेऊन पंधरा मिनिटं शोधलं. पहिला उचलला तो बेडूक. दुसरा दलदल. तिसरा पुन्हा बेडूक. हॉलमध्ये हशा पिकला. पंचांनी स्वतः प्रयत्न केला, त्यांनाही बेडूकच. शेवटी त्यांनी व्हर्नियर लावून पाच-सहा ठिपके मोजले, अण्णांकडे बघितलं आणि हात जोडले. "सर, अलाउड."

अण्णांची छाती त्या दिवशी किती इंचांनी फुगली ते मोजायला त्यांच्याकडे टेप होता, पण सुचलं नाही कुणाला.

काय खेळलो मी! राजा वेळेवर हातात येत होता, एकामागून एक गडी गारद. अण्णा माझ्या मागे उभे राहून, काही कळत नसताना, "भले! भले!" करत होते. उपांत्य फेरीत तर मी ऑनसाइटलाच हरवलं. अंतिम सामन्यात समोर आला एका मोठ्या बिल्डरचा जावई. त्यानं पहिला राजा टाकला. मग दुसरा. मग तिसरा. चौथा टाकला तेव्हा अण्णांना राहवलं नाही. "हे काय? बुद्धिबळात श्रीमंताला चार वजीर देतात काय?" पंचांनी ओठांवर बोट ठेवलं. नियमात बसत होतं; एक पत्ता चारदा चालतो, ज्याला परवडतो त्याला. दहा मिनिटांत मी हरलो. दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस म्हणून पाच पाकिटं मिळाली. तिथंच फोडली. सगळे बेडूक.

तरी मी खूश होतो. ऑनसाइटकडे गेलो, राजा पुढे केला. त्यानं तो पुढून बघितला, कपाळ बघितलं, आणि परत दिला.

"सॉरी यार. कोरा म्हणालो होतो. डाग आहे."

"डाग नव्हे ते," मागून अण्णा म्हणाले, "कुंकू आहे."

"अंकल, तेच ते. आता हा कुणीच घेणार नाही."

घरी अक्कांनी माझा चेहरा बघितला आणि अण्णांना आत नेऊन सगळं सांगितलं. राजा म्हणजे स्कूटर, स्कूटर म्हणजे बाबांची पोस्टातली पुंजी, आणि बाबा दिवाळीला येणार. त्यानंतर तीन दिवस घरात कुणी कशाचं माप घेतलं नाही. खालून कानशीचाही आवाज येईना. मला तर त्या शांततेचीच भीती वाटायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा वर आले. हातात पाच-सहा बेडूक, सगळ्यांचे रंग उडालेले. त्यांनी बेडकांना कुंकू लावून ते निरनिराळ्या द्रवांनी काढून बघितलं होतं. रॉकेल, स्पिरिट, टूलरूममधलं कसलंसं तेल. कुंकवाबरोबर चित्रही निघत होतं. "निघत नाही," ते म्हणाले. मग दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. "माझं चुकलं, पुणेकर. तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

तुम्ही! तीन वर्षांत अण्णांनी मिक्सरला म्हटलं, स्कूटरला म्हटलं, मला पहिल्यांदाच म्हटलं. मी म्हटलं, अण्णा, कुंकू तुम्ही लावलंत, पण पैसे मी उडवले. चूक माझी आहे. ते काही ऐकेनात. त्यांनी एक तोड काढली होती. बाबा आले की खाली उभ्या बाईसाहेब माझ्याच म्हणून दाखवायच्या. बाबांना मागे बसवून गाव दाखवायचं. ते परत गेले की मी पगारातून साठवून दुसरी घ्यायची. कुणाचं मन मोडायला नको.

"पण अण्णा, तुम्हाला खोटं बोलता येईल?"

"मी कुठं बोलणार? मी नुसता उभा राहणार."

बाबा धनत्रयोदशीला आले, सकाळच्या गाडीनं. दारात रिक्षातून उतरले आणि त्यांची नजर पहिली गेली स्कूटरवर. "हीच का?" मी तोंडातल्या तोंडात "हं" म्हटलं. बाबांनी पिशवी खाली ठेवली. स्कूटरभोवती एक फेरी मारली, खिशातला रुमाल काढला आणि हेडलाइटची काच पुसली. सीटवरून हात फिरवला. "जुनी आहे, पण ठेवलीय चांगली," ते म्हणाले. त्या हात फिरवण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा ठरल्याप्रमाणे नुसते उभे होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आम्ही वर आलो. अण्णाही मागोमाग आले, दारात थांबले. बाबांनी हातपाय धुतले, टॉवेलनं पुसले आणि खोली बघत फिरू लागले. फळीवर राजा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. आता त्याला प्लास्टिकमध्ये ठेवण्यात काही अर्थच उरला नव्हता. बाबा त्याच्यासमोर थांबले. पांढरी दाढी, हातात दिवा, कपाळावर कुंकू. बाबांनी टोपी सारखी केली, पत्ता दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि भक्तिभावानं कपाळाला लावला.

"कुठले रे हे महाराज? इकडचेच का?"

मी तोंड उघडलं. 'हो, इकडचेच' म्हणणं इतकं सोपं होतं!

"महाराज नव्हेत ते," दारातून अण्णा म्हणाले. एका दिवसात एक खोटं त्यांनी कसंबसं पचवलं होतं, दुसरं जाणं शक्य नव्हतं. "ती तुमची स्कूटर आहे. खाली आहे ती माझी."

मग मीच सगळं सांगून टाकलं, एका दमात. बेडूक, राजा, ऑनसाइट, कुंकू, सगळं. बाबा ऐकत होते. तीस वर्षं सायकल मारलेल्या त्या हातांत तो एवढासा कागद होता. मध्येच त्यांनी तो उलटा केला, पाठीवरचा ठिपका बघितला, पुन्हा सुलटा केला. अक्का कॉफी घेऊन जिन्यातच थांबल्या होत्या. माझं बोलणं संपलं. मला वाटलं, आता पिशवी उचलतील आणि आल्या पावली स्टेशनवर जातील.

बाबांनी राजा डोळ्यांपुढे धरला, बराच वेळ न्याहाळला आणि मला विचारलं,

"अ‍ॅव्हरेज किती देते?"

आधी जिन्यातून अक्कांच्या हसण्याचा आवाज आला, मग पेला पडल्याचा. पुढे कोण किती हसलं ते मला सांगता यायचं नाही, कारण मी बाबांच्या गळ्यात पडून रडत होतो.